रोस्टरवरचे बारा तास आणि कॅलेंडरवरची झोप

प्रति,
नागरी विमान वाहतूक मंत्रालय, डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), आणि देशातल्या प्रत्येक विमानतळावर कंट्रोलर लोकांचं ड्युटी रोस्टर लावणारे सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी कंट्रोलर होते, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर, जमिनीवरून विमानांना रस्ता आणि उंची सांगणारी. १९९७ साली अलाहाबादला बमरौलीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग झालं, तेव्हा प्रयागराज म्हणत नव्हते, आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षं हेडसेट कानाला. मग वेळेआधीच निवृत्ती घेतली. कुठल्या विमानतळावर होते, कुठल्या सेंटरला होते ते लिहीत नाही, कारण मला कुणा एका ऑफिसची किंवा कुणा एका साहेबाची तक्रार करायची नाहीये. माझे बरेचसे साहेब चांगले होते, स्वतः नाईट करून वर आलेले होते, आणि रोस्टर लावताना माणसं कमी पडली की त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी बघितलंय.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना एफडीटीएल, म्हणजे पायलटांच्या ड्युटीच्या तासांची मर्यादा, हा शब्द पाठ झाला. पायलटला आठवड्याला ३६ ऐवजी आता ४८ तास सलग विश्रांती, रात्रीची लँडिंग किती करायची, हे लोक एकमेकांना समजावून सांगत होते. मला खरंच बरं वाटलं, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक घरात बसून कुणाच्या तरी थकव्याबद्दल बोलत होते. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, तुमच्या लोकांना पण असं काही असतं का हो? मी म्हटलं, असतं काका, डब्ल्यूडीटीएल म्हणतात त्याला, वॉच ड्युटी टाइम लिमिटेशन, डीजीसीएचाच नियम आहे. ते म्हणाले मग ठीक आहे, आणि त्यांचा मजला आला. ठीक नाहीये काका, हे मला त्यांना सांगायचं होतं ते राहूनच गेलं, ते आता तुम्हाला सांगते.

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे एक कॅलेंडर असायचं, सगळ्यांच्या घरी असतं तसंच, त्यावर दुधाचा हिशोब, सिलेंडर कधी लावला, मुलाच्या परीक्षा, आणि प्रत्येक चौकोनात माझी ड्युटी. सकाळ असेल तर स, दुपार असेल तर दु, रात्र असेल तर रा. एका वर्षी माझं बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांकडे गेले, त्यांनी विचारलं झोप किती होते, मी म्हटलं होते की पुरेशी. ते म्हणाले असं नको, रोज लिहून आणा. त्या दिवसापासून मी त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात लाल पेनने झोपेचे तास लिहायला लागले आणि पुढे अकरा वर्षं लिहीत राहिले. तुमच्या रोस्टरवर जे दिसतं आणि माझ्या कॅलेंडरवर जे आहे त्यातला फरक मला तुम्हाला दाखवायचाय.

एक नेहमीचा दिवस घ्या. दुपारची ड्युटी रात्री ८ ला संपते. ८ ला संपते म्हणजे ८ ला उठून निघाले असं नसतं, रिलीव्हर येतो, शेजारी उभा राहून पाच-दहा मिनिटं ट्रॅफिक बघतो, मग हँडओव्हर, कुठलं विमान कुठे आहे, कुणाला काय सांगितलंय, कुठल्या पायलटची रिक्वेस्ट पेंडिंग आहे. यात घाई करणारा कंट्रोलर मी तरी बघितला नाही. मग बस, मग ट्रॅफिक, घरी पोचेपर्यंत पावणेदहा. जेवण, मुलाची वही बघणं, मटकी भिजत घालणं, आणि आडवं व्हायला साडेअकरा. तेव्हाही लगेच झोप येत नाही, कारण डोकं अजून फ्रिक्वेन्सीवरच असतं, डोळे मिटले की कॉलसाइन, म्हणजे विमानांची रेडिओवरची नावं, ऐकू येतात. हे आमच्यातल्या कुणालाही विचारा. झोप लागेस्तोवर सव्वाबारा. दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी, ८ ची, तर पावणेपाचला उठायचं, डबे करायचे आणि सहाची बस. रोस्टरवर दोन ड्युट्यांमध्ये बारा तास. कॅलेंडरवर लाल पेनने साडेचार.

आता खरी गोष्ट पुढे आहे. त्याच दिवशी, सकाळची ड्युटी करून २ ला सुटायचं, आणि रात्री ८ ला नाईटला परत यायचं. आमच्या काळी हे नेहमीचं होतं आणि माझ्या ज्युनिअर मुलामुलींकडून जे ऐकते त्यावरून अजूनही काही ठिकाणी पूर्ण सुटलेलं नाही. पावणेचारला घरी, सव्वासहाला परत बाहेर, मध्ये अडीच तास, त्यात बेल वाजते, कुरिअर येतं, वरच्यांकडे फरशीचं काम चालू असतं, खिडकीला काळा कागद लावलेला असला तरी ऊन कुठून तरी येतंच. झोपेचं खोबरं. आणि मग रात्रभर. म्हणजे पहाटे ४ वाजता जेव्हा मी स्क्रीनसमोर बसलेली असायचे तेव्हा मला जागी होऊन तेवीस तास झालेले असायचे. त्या चौकोनात लाल पेनने लिहायला काही नसायचं, तर मी एक टिंब द्यायचे.

१९९७ मध्ये, म्हणजे मी ट्रेनिंगला होते त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग करून दाखवला होता. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हातातलं काम किती अचूक करतो आणि रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेला माणूस किती करतो ते बघितलं, तर दोघं साधारण सारखेच निघाले. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे सतरा तास जागा असलेला माणूस या हिशोबाने स्कूटर चालवायच्या पण लायकीचा नाही, आणि मी तेवीस तासांचं बोलतेय. कंट्रोलर लोकांची दारूची टेस्ट होते, ब्रेथ ॲनालायझरची, आणि ती व्हायलाच पाहिजे, माझी पण झालीय आणि मी आनंदाने फुंकर मारलीय. पण झोपेचं विचारणारं दारावर कुणी नसतं.

कुणी म्हणेल की रात्री काय काम असतं, चार विमानं असतील. असं वाटणारे लोक अगदी ऑफिसांमध्येही भेटले मला. अमेरिकेत किंवा युरोपात बऱ्याच टॉवरमध्ये रात्र खरंच रिकामी असते, पण आपलं तसं नाही, आपला नकाशा बघा. सिंगापूर-बँकॉककडून युरोपला जाणारी सगळी रांग मध्यरात्रीनंतर आपल्या डोक्यावरून जाते, बंगालच्या उपसागरावरून आत येते, नागपूरच्या वरून, मग मुंबई किंवा दिल्लीकडे. नागपूरला खाली गाव शांत झोपलेलं असतं आणि वर मोठमोठी विमानं एकामागे एक चाललेली असतात. गल्फची विमानं रात्रभर ये-जा करतात, युरोपची मुंबईहून निघणारी विमानं रात्री १ ते ३ मध्ये निघतात. म्हणजे आपल्याकडे गर्दी नेमकी तेव्हा, जेव्हा माणसाचं शरीर सगळ्यात खाली गेलेलं असतं. पहाटे २ ते ६ ही वेळ शरीराच्या घड्याळात तळाची असते, अंगाचं तापमान उतरतं, लक्ष उतरतं, आणि कितीही वर्षं नाईट करा, शरीराला त्याची सवय होत नाही. मला तर झाली नाही. लोक म्हणायचे तुला आता सवय झाली असेल, मी मान हलवायचे.

आणि पावसाळ्यात विचारूच नका. ढगांच्या भिंती उभ्या असतात, प्रत्येक पायलट डावीकडे वळू का उजवीकडे वळू विचारतो, आखलेले रस्ते कागदावरच राहतात, आणि प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणायच्या आधी तो तिकडे वळला तर कुणाच्या समोर येतो ते डोक्यात बघायचं असतं, तेही पाच-सात सेकंदात, आणि आवाज एकसारखा ठेवून. कंट्रोलरचा आवाज हलला तर पायलट घाबरेल, म्हणून आम्ही आवाज हलू देत नाही. माझ्या आईने एकदा मला विचारलं होतं की तू फोनवर पण असं सपाट का बोलतेस गं, रागावलीस का.

अजून एक गोष्ट, बाहेरच्यांना माहीत नसते. आमचं सगळं काम यूटीसीवर, म्हणजे जगभरासाठी ठरलेल्या एका वेळेवर चालतं, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. त्यामुळे आमची तारीख रात्री १२ ला बदलत नाही, पहाटे साडेपाचला बदलते. नाईटच्या शेवटच्या टप्प्यात, जेव्हा डोकं सगळ्यात जड असतं, तेव्हा लॉगबुकात नवीन तारीख टाकायची. किती जणांकडून तिथे खाडाखोड झालेली असते ते जुनी लॉगबुकं काढून बघा, मी स्वतः कितीदा चुकलेय. तारीख चुकली तर खाडाखोड करून सुधारता येते.

तारीख सोडून दुसरंही एकदा चुकलं होतं. हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. पहाटे चार-सव्वाचार झाले होते, तीच सकाळ-रात्र एका दिवशी केलेली नाईट. एक विमान ३५० लेव्हलवर, म्हणजे ३५ हजार फुटांवर, पूर्वेला चाललेलं, मी त्याला ३३० ला उतरायला सांगितलं. समोरून पश्चिमेला जाणारं एक विमान ३२० वर. २००३ च्या नोव्हेंबरपासून आपल्या आकाशात त्या उंचीवर दोन विमानांमध्ये हजार फुटांचंच उभं अंतर असतं, आधी दोन हजार असायचं, तर ३३० आणि ३२० म्हणजे बरोब्बर हजार फूट, सगळं नियमात. पायलटने रीडबॅक दिला, म्हणजे मी सांगितलेलं परत म्हणून दाखवलं, थ्री वन झिरो. ३१०. म्हणजे ३२० च्या आरपार खाली. मी ते ऐकलं आणि माझ्या कानाला थ्री थ्री झिरोच ऐकू आलं, कारण मी तेच ऐकायची अपेक्षा करत होते. मी पुढच्या विमानाला बोलायला बटन दाबणार तेवढ्यात शेजारी प्लॅनिंगवर बसलेल्या मुलाने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाला, मॅडम, तीन-एक म्हणाला तो. मी लगेच करेक्ट केलं, पायलटने बरोबर रीडबॅक दिला, दोन्ही विमानं अजून एकमेकांपासून भरपूर लांब होती, अंतर मोडलं नाही, काहीसुद्धा झालं नाही. कुठल्याही रजिस्टरमध्ये ही गोष्ट सापडणार नाही. सकाळी मी घरी आले, बूटसुद्धा न काढता बाल्कनीत बसून राहिले, आणि मुलाची शाळेची बस गेलेली मला कळली नाही.

त्या मुलाचा हात माझ्या मनगटावर पडला, कारण तो तिथे होता, जागा होता. माणसं कमी असली की पहिल्यांदा शेजारची खुर्ची रिकामी होते. दोन पोझिशन, म्हणजे कंट्रोलरच्या कामाच्या दोन जागा, एकत्र करा, एक जण सांभाळेल, रात्रच आहे. १ जुलै २००२ च्या रात्री झुरिकच्या कंट्रोल रूममध्ये हेच झालं होतं. ड्युटीवर दोघं होते, ट्रॅफिक कमी म्हणून एक जण विश्रांतीला गेला, तिथे तशी पद्धतच पडून गेली होती आणि वरच्यांना माहीत होती. राहिलेला एकटा दोन स्क्रीन सांभाळत होता. त्याच रात्री सिस्टिमचं काम काढलेलं, त्यामुळे टक्कर होण्याचा इशारा देणारी सोय पूर्ण चालू नव्हती आणि मेन फोन लाइन बंद होती. शेजारी जर्मनीत कार्ल्सरूहच्या कंट्रोलरना स्क्रीनवर दिसत होतं की दोन विमानं एकमेकांकडे चाललीत, ते फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता. उबरलिंगेन गावाच्या वर ती दोन विमानं धडकली आणि ७१ जण गेले, त्यात बहुतेक सुट्टीला निघालेली शाळकरी मुलं. दीड-दोन वर्षांनी त्या कंट्रोलरचा त्याच्या घराच्या दारात खून झाला, ज्याची बायको आणि दोन्ही मुलं त्यातल्या एका विमानात होती त्या माणसाकडून. आणि २००७ मध्ये तिथल्या कोर्टाने दोषी ठरवलं ते त्या कंपनीच्या मॅनेजमेंटमधल्या चार जणांना. म्हणजे रिकामी खुर्ची ही रोस्टर आणि पद्धत ठरवणाऱ्यांची जबाबदारी आहे असं तिथल्या न्यायालयानं म्हटलं. साहेब, मॅडम, हे मी तुम्हाला धमकी म्हणून लिहीत नाहीये. तुमच्या सहीला किती वजन आहे ते सांगतेय.

अमेरिकेतलं लेक्सिंग्टन पण आठवा, २७ ऑगस्ट २००६. पहाटे अंधारात एक विमान चुकीच्या, आखूड रनवेवर गेलं आणि तिथूनच उडायला बघितलं, ५० पैकी ४९ जण गेले. चूक पायलटांची होती, तपासात तसंच आलं. पण टॉवरमध्ये एकच कंट्रोलर होता, आदल्या दिवशी दुपारी अडीचला सुटलेला आणि रात्री साडेअकराला परत आलेला, मधल्या नऊ तासात त्याची झोप झाली होती दोन तास. नियमाने त्याची विश्रांती पूर्ण होती! तेव्हा तिकडचा नियम आठ तासांचा होता. नंतर २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉवरमध्ये सलग चौथी नाईट करणारा एकटा सुपरवायझर झोपून गेला, दोन विमानं कुणाशी न बोलता आपापली उतरली, मग आठाचे नऊ झाले. आणि २०२४ मध्ये झोपेच्या तज्ज्ञांची समिती बसवून शेवटी दहा तास केले, नाईटच्या आधी बारा. त्यांना तिथवर यायला एवढी वर्षं लागली, आपण तरी त्यांच्या चुकांच्या रांगेत उभं राहायला नको ना.

आपल्याकडे नियम नाही असं नाही, हे मी आधीच म्हटलं. आयसीएओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, नोव्हेंबर २०२० पासून सगळ्या देशांना कंट्रोलरच्या थकव्याचे नियम करायला लावले, आपणही केले. अडचण आहे ती सवलतीची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने विमान सुरक्षेवर जो अहवाल दिला त्यात कंट्रोलरची कमतरता, त्यांचा थकवा आणि ड्युटीच्या तासांच्या नियमातून दिलेली सूट याबद्दल चिंता व्यक्त केलीय. खासदारांनी लिहिलंय ते, मी नाही. माझं म्हणणं इतकंच की रडारला अशी सवलत कधी कुणी देत नाही. रडारचं मेंटेनन्स ठरलेल्या दिवशी होतं, त्यासाठी नोटॅम, म्हणजे पायलटांसाठीची अधिकृत सूचना, निघतो, बॅकअप उभा करतात, आणि इंजिनिअरने सही केल्याशिवाय ते परत चालू होत नाही. १९९६ ला हरियाणात चरखी दादरीला दोन विमानं आकाशात धडकून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपण दिल्लीला नवीन रडार चालू केलं, येणारे-जाणारे रस्ते वेगळे केले, विमानांमध्ये टीकॅस, म्हणजे टक्करीचा इशारा देणारं यंत्र, सक्तीचं केलं. यंत्राच्या बाबतीत आपला देश शिकला. मग त्या रडारसमोर बसणाऱ्याच्या झोपेची सवलत देताना एवढा विचार का होत नाही हे मला खरंच कळत नाही.

कारण मला माहीत आहे, माणसं नाहीत. २०१४ मध्ये ७४ विमानतळ चालू होते, आता दीडशेच्या वर आहेत, नवी मुंबई पण सुरू झालं, आनंदच आहे. गावाकडची माणसं पहिल्यांदा विमानात बसतायत हे मी माझ्या पोझिशनवरून बघितलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. पण कंट्रोलर टर्मिनलसारखा बांधता येत नाही. प्रयागराज, हैदराबाद, आपलं गोंदिया, तिथे ट्रेनिंग, मग पोस्टिंगच्या जागी महिनोन्‌महिने कुणाच्या तरी शेजारी बसून शिकायचं, मग रेटिंग, म्हणजे एकट्याने बसायची परवानगी, आणि ते रेटिंग त्या जागेपुरतंच, बदली झाली की तिथलं आकाश पुन्हा पहिल्यापासून. आज जाहिरात काढली तर माणूस एकट्याने बसायला काही वर्षं लागतात. म्हणून नवीन विमानतळाचं भूमिपूजन होतं त्या दिवशीच तिथल्या कंट्रोलरची भरती सुरू व्हायला हवी. उद्घाटनाच्या आधी जुन्या ठिकाणाहून माणसं उचलली की जुन्या ठिकाणच्या रात्री उघड्या पडतात.

पुण्याला लोहगावला एअरफोर्सचे कंट्रोलर असतात, गोव्यात दाबोळीला नेव्हीचे, त्यांचे नियम वेगळे असतील, पण पहाटेचे चार त्यांनाही तेच वाजतात, एवढं इथे नमूद करते.

आता मागणी. इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकापासून चालत आलेले साधे आकडे आहेत, ड्युटी जास्तीत जास्त दहा तास, दोन ड्युट्यांमध्ये किमान बारा तास, दोन तास पोझिशनवर बसलं की अर्धा तास ब्रेक, आणि सलग दोनपेक्षा जास्त नाईट नाहीत. आपले आकडे त्याच्या जवळपास असोत नसोत, मला आधी मोजण्याबद्दल बोलायचंय. विश्रांती रोस्टरच्या वेळेपासून मोजू नका, घराच्या दारापासून मोजा. ज्या शहरात घरापासून पोझिशनपर्यंत दीड तास लागतो तिथे बारा तासांचे नऊच राहतात, आणि हे मुंबईत राहणाऱ्या कुणालाही कागद-पेन न घेता कळतं. सकाळ आणि रात्र एकाच तारखेला लावणं पूर्ण बंद करा, माणसं कमी असली तरी, आणि त्यासाठी त्या दिवशी विमानांचा फ्लो कमी करावा लागला तर कमी करा, विमानं अर्धा तास जमिनीवर थांबू द्या. पायलट कमी पडले तेव्हा विमानं रद्द झाली आणि देशाने ते सहन केलं. कंट्रोलर कमी पडतात तेव्हा काही रद्द होत नाही, तीच माणसं अजून एक नाईट करतात, म्हणून कुणाला दिसत नाही.

रात्री डुलकी काढायला अधिकृत परवानगी आणि जागा द्या. अंधारी खोली, स्वच्छ चादर, आणि उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं लगेच पोझिशनवर न बसवण्याचा नियम, कारण झोपेतून उठल्या उठल्या डोकं चालत नाही. नासाने लांबच्या उड्डाणांवरच्या पायलटांना चाळीस मिनिटांची संधी देऊन बघितली होती, सरासरी सव्वीस मिनिटं झोपले आणि त्यांचं लक्ष चांगलं सुधारलं. हे लपून करायचं काम राहिलं तर झुरिक होतं, उघड ठरवून, शेजारची खुर्ची भरलेली ठेवून केलं तर औषध होतं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. मी आज थकलेय, मला पोझिशनवर नको, असं म्हणायची हिंमत पंचवीस वर्षांत मी दोनदा केली. दोन्ही वेळा कुणी ओरडलं नाही. पण माझ्या जागी जो बसला त्याला त्याचा ब्रेक मिळाला नाही, आणि ते मला दिसत होतं. म्हणून माणूस बोलत नाही. वर मेडिकलची भीती असते, कागदावर थकवा किंवा टेन्शन असं काही आलं तर लायसन्सचं काय. मी ऐकलेली सगळ्यात वाईट वाक्यं ब्रेक रूममध्ये चहा घेताना ऐकलीत, एक जण म्हणाला होता, गाडी चालवताना सिग्नलला डोळा लागला रे काल, आणि बाकीच्यांनी फक्त मान हलवली. सकाळी ८ ला नाईटवरून सुटलेल्या लोकांना घरी सोडायची सोय करा, एवढं तरी करा, ती मुलं बाइकवर जातात. थकवा सांगणाऱ्याला कुठल्याही कागदावर त्रास होणार नाही हे लेखी द्या, आणि अशा किती नोंदी आल्या ते दर वर्षी जाहीर करा. नोंदी शून्य आल्या तर सगळं छान आहे असं समजू नका, कुणी बोलत नाहीये असं समजा.

मी कोजागिरीला कितीतरी वर्षं ड्युटीवर होते. आई थर्मासमध्ये मसाला दूध भरून द्यायची, रात्री बाराला आम्ही आळीपाळीने स्टीलच्या पेल्यात ते घ्यायचो, एक जण स्क्रीनवर, एक जण दुधावर. को जागर्ति, कोण जागं आहे, असं लक्ष्मी विचारत फिरते म्हणतात. आम्ही जागेच असायचो आणि त्याचा मला अजूनही आनंद वाटतो, वर प्रत्येक विमानात दोनशे-तीनशे माणसं निर्धास्त झोपलेली असतात आणि त्यांना आपलं नावही माहीत नसतं, या कामावर माझं जीवापाड प्रेम होतं. नोकरी सोडली ती कामाला कंटाळून सोडली नाही. त्या पहाटेनंतर प्रत्येक रीडबॅक मी दोनदा ऐकायला लागले, मग घरी पण सगळ्यांचं बोलणं दोनदा ऐकायला लागले, मग झोपेतही, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले की आता पुरे.

कॅलेंडरं मी टाकलेली नाहीत. अकरा वर्षांची अकरा, गुंडाळी करून माळ्यावर आहेत, काहींवर फोडणीचे डाग आहेत, पण लाल आकडे वाचता येतात. डब्ल्यूडीटीएलचा नियम पुढे कधी बदलायला घ्याल, किंवा सवलतीच्या पुढच्या कागदावर सही करायची वेळ येईल, तेव्हा मला बोलवा. मी ती घेऊन येईन, तुम्ही त्या त्या महिन्यांची रोस्टरं काढा, आणि आपण एकेक चौकोन शेजारी ठेवून बघू.

आपली,
एक निवृत्त कंट्रोलर